भिंत कोरडी आहे तोवर

नेरुळ, ९ नोव्हेंबर २०२४

प्रिय जयू,

पत्राच्या पहिल्या ओळीत काही मागू नये, असं आम्हाला सिस्टर बेनेडिक्टा शिकवायच्या. आधी समोरच्याची विचारपूस, मग आपली खुशाली, मग हवापाणी, आणि मागणं अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखं. तू मात्र माझी पत्रं नेहमी खालून वर वाचायचीस. "वहिनी, तुझ्या पत्राचं डोकं पायात असतं," म्हणायचीस. तेव्हा शेवटचा परिच्छेद तू आधीच वाचलेला असणार, असं धरून लिहिते.

तुझे डोळे कसे आहेत? देवरुखला आता सकाळी धुकं पडत असेल. तुझ्या दादाच्या बाराव्याला आली होतीस तेव्हा यशोदाबाईंचं नाव घेतलं होतंस. त्यांच्याच मागच्या दोन खोल्यांत राहतेस ना अजून? त्या दिवशी तू पाणी प्यायलीस, पण उभ्यानं. दोन वर्षं झाली, दादाचा विषय निघाला की मला दादाआधी तो तुझ्या हातातला पेला दिसतो.

इथली थंडी म्हणजे पहाटेचे दोन तास. हवा जड असते, मधूनच कसला तरी औषधी वास येतो आणि तो कुठून येतो हे कुणी सांगत नाही. खाडीवर फ्लेमिंगो अजून आलेले नाहीत. सगुणा अजून भांड्यांना येते. कंबर वाकली तिची, तोंड तसंच आहे.

माझे गुडघे गेले. भाजी घेऊन आले की दुसऱ्या मजल्यावर पिशवी टेकवून पायरीवर बसते, मग तिसरा. पार्थला आईचे हे हाल बघवत नाहीत, त्यानं पुण्यात त्याच्या घराजवळ तळमजल्यावरची एक जागा बघितली आहे. मालक जूनपर्यंत थांबायला तयार आहेत. तर हे घर विकायचं ठरवलंय.

'ठरवलंय' लिहिलं आणि पेन थांबलं. घर तुझ्या नावावर आहे, हे मी एक दिवसही विसरलेले नाही. शहाऐंशी साली सरकारी घरांचे अर्ज निघाले तेव्हा दादाच्या नावावर ठाण्याची खोली होती, म्हणून त्याला अर्ज करता येईना. तू नुकतीच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली होतीस. "जयूच्या नावावर टाकू, नावात काय आहे," दादा म्हणाला. तेव्हा सगळे तसंच करत होते. आपल्या जिन्यातली निम्मी घरं अशीच कुणाच्या मेहुणीच्या, कुणाच्या मावशीच्या नावावर होती. घर लागलं, हप्ते दादानं भरले, आणि आपण चौघं इथं राहायला आलो. तू पंचवीसेक वर्षं राहिलीस, मी अडतीस.

प्रसाद म्हणून एक एजंट आहे. बोलण्यात गोड आहे, म्हणून मी जरा जपूनच असते. तो म्हणतो, "काकू, फ्लॅट थंडीत काढायचा. दिवाळीनंतर कलर मारायचा, होळीच्या आत टोकन घ्यायचं. पाऊस लागला की घर बोलायला लागतं." त्याच्या सांगण्यावरून तुझ्या खोलीची ती खिडकीकडची भिंत रंगवून घेतली. पिस्ता रंग. आता कोरडी खडखडीत दिसते.

सोबत कुलमुखत्यारपत्र पाठवते आहे. त्यावर तू सही केलीस की तुझ्या वतीनं मी व्यवहार करीन, तुला प्रवास नको. जिथं सही हवी तिथं प्रसादनं पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे. विक्रीचं सगळं तुझ्याशी बोलूनच.

तुझी,
गीतांजलीवहिनी


नेरुळ, ३० नोव्हेंबर २०२४

प्रिय जयू,

तीन आठवडे झाले. टपालाला देवरुख इतकं लांब नाही.

माणसं घर बघायला येतात. एक जोडपं आलं, त्यांनी स्वयंपाकघराची लांबी पावलांनी मोजली आणि गेलं. एका गृहस्थांनी चपला न काढता आत येऊन देवघराची दिशा विचारली. ही सगळी गिऱ्हाइकं मला कळतात. एक कळत नाही, तिच्याबद्दलच लिहायला बसले.

संघप्रिया नाव. पस्तिशीची, बेलापूरला सरकारी कार्यालयात आहे म्हणते. पहिल्यांदा आली ती थेट तुझ्या खोलीत गेली. हॉल नाही, किचन नाही. भिंतीवर पंजा ठेवून उभी राहिली, ताप बघावा तशी. मग विचारलं, "या खोलीत कोण राहायचं?"

मी म्हटलं, "पाहुण्यांची खोली आहे."

"मग दारावर आतून आरसा कसा लावलाय? पाहुण्यांसाठी कोणी आरसा ठोकत नाही."

तुझा आरसा, जयू. मी तो कधी काढला नाही. तिच्या मागे उभी राहून मी त्यात माझा चेहरा पाहिला, तर तो खोटं बोलणाऱ्या बाईचाच दिसत होता. मी तिला आडनाव विचारलं. तिनं सांगितलं आणि शांतपणे म्हणाली, "आणखी काही?" मला लाज वाटली. पण संशय गेला नाही.

परवा परत आली. पुन्हा तीच भिंत, तोच पंजा. खाली जाताना जिन्याच्या पायथ्याशी सभासदांची पाटी वाचत बराच वेळ थांबली. मी वरून बघत होते. त्या पाटीवर आपल्या घरासमोर 'कु. जयमाला द. रेगे' आहे, ते तिनं वाचलं असणार. सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर सध्या पाटी नव्यानं रंगवून घेताहेत. मला विचारत होते, "जयमालाताईंच्या नावापुढचं 'कु.' ठेवू की काढू?" मी म्हटलं, सध्या राहू द्या.

सगुणाला वाटतं मी उगाच घाबरते. "वयनी, ती पोरगी भित बगते. भित कोन बगतं? ज्याचं घर गललंय तो."

असेल. पण मला एक सरळ सांग. ही मुलगी तुझ्या ओळखीची आहे का? तू तिला बघायला पाठवलंस का, मी तुझ्या खोलीचं काय केलंय ते? तसं असेल तर आडून कशाला? मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तुझी कॉट आहे, कपाट आहे, खिडकीतली तुळस मेली म्हणून तिथं कोरफड लावली आहे. बाकी सगळं तसंच.

गीतांजलीवहिनी


नेरुळ, १८ डिसेंबर २०२४

जयू,

दुसरं पत्र मी मुद्दाम रजिस्टरनं पाठवलं होतं. काल त्याची पोचपावती आली. सही तुझी नाही. 'य. बा.' अशी काहीतरी आहे, शाई जांभळी.

म्हणजे माझी पत्रं यशोदाबाई घेतात. घेतात आणि तुला देतात का? बाई चांगल्या असतील, मी त्यांना पाहिलेलं नाही. पण घरात एकटी राहणारी, स्वतःच्या नावावर घर असलेली बाई असली की भोवतालची माणसं तिच्या टपालाकडे लक्ष ठेवतात. वाईटच असतात म्हणून नव्हे, काळजीपोटी ठेवतात. तिचं भलं आपल्यालाच जास्त कळतं, असं त्यांना वाटतं. दुपारची वेळ असते, घरात दुसरं कुणी नसतं, पोस्टमन दारात उभा असतो, आणि एक पत्र बाजूला ठेवायला किती वेळ लागतो. ते फाडावंही लागत नाही.

मी काय लिहितेय हे. त्यांना असं म्हणायचा मला अधिकार नाही.

इथं काहीतरी शिजतंय. संघप्रिया सोसायटीच्या ऑफिसात जाऊन कमळाकरांशी अर्धा तास बोलली. मी विचारलं तर कमळाकर म्हणाले, "कागदपत्रांची चौकशी, वहिनी. नॉर्मल आहे." नॉर्मल असतं तर त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं असतं. ते फायलीकडे बघत होते. प्रसादला विचारलं तर तो म्हणतो, "काकू, पार्टी सिरियस आहे, टेन्शन नका घेऊ." टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्या माणसाचं मला पहिलं टेन्शन येतं.

सकाळी गच्चीवर उन्हात बसते. तुला आठवतं, आपण नवीन आलो तेव्हा या गच्चीवरून खाडीपर्यंत नुसता चिखल आणि पाणी दिसायचं. पार्थ वर्षाचा होता. तू त्याला कडेवर घेऊन विमानं दाखवायचीस आणि मी तुझ्याकडून सासूबाईंना पत्रं लिहून घ्यायचे. कॉन्व्हेंटात शिकलेली सून, मराठीत चार ओळी लिहिताना घाम फुटायचा. तू लिहून द्यायचीस आणि मी ते उतरवून खाली सही करायचे. सासूबाई मरेपर्यंत सगळ्यांना सांगत होत्या, गीताचं मराठी किती गोड. ते मराठी तुझं होतं. आज मी तुला जे लिहितेय तेही तूच शिकवलेलं.

तू रागावली आहेस ती बारा वर्षांपूर्वीच्या कागदासाठी, हे मला माहीत आहे. उद्या तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन, आणि आज संध्याकाळी मी तुझ्यापुढे बक्षीसपत्र ठेवलं. घर माझ्या नावावर करून दे म्हणून. दादाला न विचारता. तू चष्मा काढून ठेवला होतास, तरी कागद डोळ्यांजवळ नेऊन शेवटपर्यंत वाचलास. मग म्हणालीस, "वहिनी, उद्या मी मरणार आहे असं वाटतंय का तुला?" मी म्हटलं, नाही गं, नुसतं आपलं काम होऊन जाईल. ऑपरेशननंतर तीन महिन्यांत तू नोकरी सोडलीस आणि देवरुखला गेलीस. कागद सहीविना राहिला.

त्याची माफी मी कधी मागितली नाही. आता मागते. पण त्यासाठी गप्प बसायला बारा वर्षं पुरेशी नाहीत का? आणखी काही आहे का, जे कुणी तुला सांगितलंय?

वहिनी


नेरुळ, ८ जानेवारी २०२५

प्रिय जयू,

आज जे झालं ते आजच लिहिते, उद्या मी ते माझ्या सोयीनं आठवेन.

संध्याकाळी पाचला संघप्रिया आली. एकटी. चहा नको म्हणाली. तुझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, राग मानू नका. एक विचारते. जयमाला रेगे जिवंत आहेत ना?"

मी खुर्चीत बसले.

"कारण पाटीवर त्यांचं नाव आहे, बिलावर आहे, आणि घरात त्यांचा एक फोटो नाही. तुम्ही त्यांच्याबद्दल विचारलं की पाहुणे म्हणता. प्रसाद म्हणतो सही येईल, येईल. दोन महिने झाले. मला कुलमुखत्यारपत्रावर घर घ्यायचं नाही. मालकीण समोर बसलेली हवी."

मग तिनं सांगितलं. चार वर्षांपूर्वी तिनं आणि तिच्या आईनं खारघरला जागा घेतली. मालकाचा पुतण्या सगळे कागद आणायचा. राहायला गेल्यावर कळलं की मालक पाच वर्षांपूर्वीच वारला होता आणि सह्या कुणाच्या होत्या ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याच पावसात त्या घराच्या भिंती आतून फुटल्या. "आई त्या ओल्या खोलीत आजारी पडली. तेव्हापासून मी आधी भिंतीला हात लावते, मग माणसांकडे बघते."

जयू, मी दोन महिने तिच्यावर पाळत ठेवली, आणि ती माझ्यावर. तिला वाटत होतं मी तुला मारून टाकलंय. मी म्हटलं, "आहे. देवरुखला आहे. माझ्याशी बोलत नाही."

"का?"

"मोठी गोष्ट आहे."

"भिंतीसारखीच का?" म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. "काकू, अख्ख्या घराला आठ वर्षांचा रंग आहे आणि एका भिंतीला दोन महिन्यांचा. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही सांगताय का, ते बघत होते."

मी सांगितलं. दर पावसाळ्यात ती भिंत वरून खाली ओली होते, गच्चीचं पाणी उतरतं, तू तिथं कॉट ओढून झोपायचीस. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि मग चहा घेतला.

जाताना म्हणाली, "ऑफिसात जाऊन या घराचं नॉमिनेशन बघा. कमळाकर काका मला दाखवत नव्हते, बरोबरच आहे. पण ते तुमच्याबद्दल एक वाक्य बोलले, त्यावरून वाटलं तुम्हाला माहीत नसावं."

मी तशीच खाली गेले. तीन मजले, एका दमात. कमळाकरांनी कपाटातून फाईल काढली. सभासदाच्या पश्चात घर कुणाकडे जावं, त्याचा फॉर्म. सत्त्याऐंशी सालचा, तुझ्या हातचा. त्यावर दादाचं नाव नाही, पार्थचं नाही. 'सौ. गीतांजली अभिराम रेगे.' नात्याच्या रकान्यात 'वहिनी'.

कमळाकर म्हणाले, "मागच्या वर्षी आम्ही सगळ्या सभासदांना विचारलं होतं, नॉमिनीत बदल आहे का. ताईंचं कार्ड आलं." तेही फाईलमध्ये लावलं होतं. तुझ्या अक्षरात दोनच शब्द, 'बदल नाही.'

बक्षीसपत्राच्या कितीतरी आधीपासून ते घर माझंच होतं. आणि त्यानंतरही. मग मी इतकी वर्षं कशाची राखण करत बसले होते?

गीता


नेरुळ, २२ जानेवारी २०२५

जयू,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आता फाडणार नाही.

आज सगुणा भांडी घासता घासता म्हणाली, "वयनी, तो निला कागद अजून हाय ना तुमच्याकरं?" मी म्हटलं, कुठला कागद? ती हसली नाही. "मी तवा नवीन व्हते कामाला. पन डोले होते मना." चौतीस वर्षं तिनं तोंड उघडलं नव्हतं. आणि पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तिचं तोंड तसंच आहे.

एक्क्याण्णव सालचा जानेवारी. विलास सामंत. महाप्याच्या कंपनीत केमिस्ट होते, काकांना घेऊन तुला बघायला आले होते. तू पोहे केले होतेस. ते चष्म्याबद्दल काही बोलले नाहीत, तुला विचारत होते एक्स्चेंजच्या बोर्डावर एका वेळी किती माणसं बोलत असतात. तू म्हणालीस, "ऐकायची मनाई आहे, पण रडणारी माणसं कळतात." ते हसले, आणि तूही. परक्या माणसासमोर तुला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ते निघाले. त्यांची टोपी राहिली होती, काकांची, म्हणून मी जिन्यात धावले. दुसऱ्या मजल्यावर पोचले तर खालून काकांचा आवाज आला. ते पाटी वाचत होते. "घर मुलीच्याच नावावर आहे बघ," असं ते म्हणाले. एवढंच. विलास काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी टोपी कठड्यावर ठेवून वर आले.

आठवड्यानं दुपारी पोस्टमन निळं अंतर्देशीय पत्र देऊन गेला. दादाच्या नावावर. तू ड्यूटीवर, दादा ऑफिसात, पार्थ झोपलेला, सगुणा मोरीत. मी उघडलं. होकार होता. पुढच्या रविवारी तारीख ठरवायला येऊ का, एक ओळ कळवावी, असं लिहिलं होतं.

मी ते माझ्या मॉरल सायन्सच्या जुन्या वहीत ठेवलं. एकच दिवस ठेवायचं होतं, विचार करायला. मनात घोळत होतं की तू गेलीस की घर तुझ्या सासरचं होईल. काका आताच पाटी वाचताहेत. उद्या ते दारात उभे राहून आम्हाला निघा म्हणतील, आणि ठाण्याची खोली तर आपण सोडून बसलो होतो. मुलाला घेऊन मी कुठं जाणार? दुसऱ्या दिवशी वाटलं, आणखी एक दिवस. रविवार आला आणि गेला. कळवलं नाही म्हणून ते आले नाहीत. ते आले नाहीत म्हणून दादाला वाटलं नकार आहे. दादा असा, की नकार आला तर दुसऱ्यांदा विचारायला जाणं त्याला कमीपणाचं वाटायचं. मुलीकडच्यांनी मागे लागू नये, असं सगळेच म्हणायचे. त्या एका रीतीनं माझं काम झालं. मला एक शब्दही खोटं बोलावं लागलं नाही.

तू काही विचारलं नाहीस. उन्हाळ्यात मात्र जाऊन चष्म्याची फ्रेम बदलून आणलीस, बारीक सोनेरी. "ही बरी दिसते का गं, वहिनी?" असं तू मला विचारलंस. मी म्हटलं, छान दिसते. पुढच्या स्थळाला तू नाही म्हणालीस, त्याच्या पुढच्यालाही, आणि मग दादानं स्थळं बघणं सोडलं.

तेव्हा तुझ्या खोलीची भिंत गळत होती, आणि आम्ही म्हणत होतो, जयूची खोली आहे, जयू बघून घेईल.

काका घरासाठी आले होते की नाही, मला आजही माहीत नाही. मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आले की मी तुला वाचवलं. पण मला जर तशी खात्री असती, तर मी ते पत्र दादाला दाखवून म्हटलं असतं, हे लोक घराच्या मागे आहेत. मी लपवलं, कारण मला भीती होती की ते चांगले निघतील.

पाटीवरचं ते 'कु.' मी लावलंय, जयू. रोज त्याच्यासमोरून जिना चढत आले.

पत्र सोबत पाठवते. अडतीस वर्षांच्या घरातली ही एकच वस्तू तुझी होती आणि माझ्याकडे होती. यशोदाबाईंबद्दल जे लिहिलं त्याची त्यांना कल्पना देऊ नकोस. मी दुसऱ्याच बाईबद्दल लिहीत होते.

गीता


नेरुळ, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय जयू,

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. खाली पायरीवर बसूनच उघडलं, वर येईपर्यंत धीर नव्हता. कुलमुखत्यारपत्र सहीशिवाय परत, पिवळी चिठ्ठी जागच्या जागी. आत ते निळं पत्र. आणि तुझ्या ओळी, ज्या आता मला पाठ आहेत:

'वहिनी, सगळी पत्रं मिळाली होती. यशोदाबाई माझ्या उशाशी ठेवायच्या. उत्तर द्यायला काही नव्हतं, आता आहे. मुखत्यारपत्र नको. सही करायला मी येईन, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस लागल्यावर. घर त्या मुलीला तेव्हा दाखव. तिला सांग, भिंतीला हात लावून कळणार नाही, खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला लाव. पाणी तिथून सुरू होतं. सामंतांचं पत्र वाचलं. अक्षर चांगलं होतं. इतकी वर्षं तू सांभाळलंस, तूच ठेव. पाटीवरचं 'कु.' राहू दे. जयमाला.'

खाली 'जयू' नाही. ते मी पाहिलं.

संघप्रियाला फोन करून सगळं वाचून दाखवलं. निळ्या पत्राचं सोडून. ती म्हणाली, "मग जूनपर्यंत थांबते. पहिल्यांदाच कुणी मला पावसात घर बघायला बोलावलंय." भिंत दुरुस्त करून घ्यायचं तिचं ती बघेल, पण पाणी कुठून येतं ते तिला स्वतःला बघायचं आहे. प्रसाद मात्र रुसला. "काकू, पावसात कोण गिऱ्हाईक आणतं? तुम्ही तर माझा धंदा शिकवायला निघालात." त्याला मी चहा दिला. तो तितका वाईट नाही, मला गोड बोलण्याचीच भीती वाटते, कारण मी स्वतः फार गोड बोलते.

पार्थ चिडला. पुण्याची ती तळमजल्याची जागा जूनच्या पुढे थांबणार नाही. "आई, आत्याच्या हट्टासाठी तू अजून किती जिने चढणार?" मी म्हटलं, आत्याचा हट्ट नाही, तिचं घर आहे. त्याला ते नवीन होतं. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. बाकीचं त्याला तू आलीस की सांगेन, तुझ्यासमोर. नको म्हणालीस तर नाही.

कमळाकरांनी पाटी रंगवून घेतली. तुझं नाव पांढऱ्या अक्षरांत, 'कु.' सकट. मी समोर उभी राहून पूर्ण वाचलं, मगच वर आले.

कॉट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवली आहे, तू पावसाळ्यात ठेवायचीस तशी. कोपऱ्याखाली ठेवायची निळी बादली माळ्यावर सापडली. कडी तुटली आहे, पण गळत नाही. रंग अजून तसाच आहे, पिस्ता. जूनमध्ये आपण दोघी तो उतरताना बघू.

तू नक्की येशील ना, की तोवर मला टांगून ठेवायचंय म्हणून लिहिलंस, असं वर कुठेतरी लिहिलं होतं. खोडलं. कागद उजेडात धरलास तर दिसेल, म्हणून आपणहून सांगते.

सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलेली जागा आली, जयू. मागण्याची. हे पत्र खालून वर वाचून बघ. यात काही मागितलेलं नाही.

गीता